सुटलेला बंदिवान आणि मंडळीचे दार

अभ्यासवर्गासाठी धडा. वाचन : गणना ३५:९–३४, लूक २३:१३–२५.

ह्या आठवड्यासाठी आम्ही जी दोन वाचने नेमली आहेत ती आपल्या खेड्यांतील वर्गांत क्वचितच एकत्र वाचली जातात. पहिले शरणपुरांविषयीचे आहे, दुसरे बरब्बाविषयीचे. बरब्बाचे नाव दर उत्तम शुक्रवारी आपल्या कानांवर पडते खरे. परंतु तो कशासाठी बंदीत होता, आणि ज्या घरचा मनुष्य त्याच्या हातून मेला त्या घरात त्याच्या सुटकेची आरोळी ऐकून काय झाले असेल, हे आपण सहसा विचारीत नाही. लूक स्पष्ट सांगतो की नगरात झालेला दंगा व खून ह्यांसाठी त्याला तुरुंगात टाकिले होते. म्हणजे तो भुरटा चोर नव्हता. त्याच्या हाताला रक्त होते, आणि त्याची सुटका न्यायाने नव्हे, दयेनेही नव्हे, तर गर्दीच्या ओरडण्याने झाली.

हा विषय घेण्यास एक कारण घडले. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेस, भाताच्या खाचरांच्या मुलुखात असलेल्या एका लहान मंडळीच्या उपदेशकाने आम्हास प्रश्न पाठविला आहे. त्याच्या गावचा एक मनुष्य बांधाच्या भांडणात चुलतभावाचा खून करून येरवड्यास गेला होता. आता पुष्कळ वर्षांनी शिक्षेत सूट मिळून तो घरी येत आहे. त्याचे भाऊबंद घोडेगावच्या एस. टी. स्थानकापासून त्याला वाजतगाजत आणावयाचे म्हणतात. हार, गुलाल आणि रात्री जेवणावळ. मेलेल्याची विधवा त्याच मंडळीत बायकांच्या बाजूस दर रविवारी बसते. उपदेशक विचारतो : त्या मनुष्यास मंडळीत बसू द्यावे काय? प्रभुभोजनास येऊ द्यावे काय? आणि त्या बाईस, 'क्षमा कर,' असे मी सांगावे काय? गावाचे व माणसांचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. जुन्नर व आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत असे गाव एकच असेल असे मानण्याचे कारणही नाही.

प्रथम गणनेचा अध्याय पाहू. लेव्यांना द्यावयाच्या ४८ नगरांपैकी ६ नगरे शरणपुरे म्हणून वेगळी काढली होती. ३ यार्देनेच्या पूर्वेस व ३ कनान देशात. ज्याच्या हातून नकळत मनुष्यवध घडला त्याने धावत तेथे जावे, म्हणजे रक्ताचा सूड घेणाऱ्याच्या हाती तो सापडू नये. परंतु शरणपूर म्हणजे पळवाट नव्हे. त्याने मंडळीपुढे उभे राहून निवाडा घ्यावयाचा. हत्यार कोणते होते, पूर्वीचे वैर होते की नव्हते, दबा धरला होता काय, हे सर्व पाहावयाचे. एकट्या साक्षीदाराच्या बोलण्यावरून कोणास मरणदंड द्यावयाचा नाही. आणि खून जाणूनबुजून केलेला ठरला, तर खंडणी घेऊन खुन्याला सोडावयाचे नाही; कारण रक्ताने भूमी भ्रष्ट होते.

इतके बहुतेक उपदेशक शिकवितात. पुढचा भाग घाईने वाचला जातो, आणि आमच्या मते धड्याचे मर्म तेथेच आहे. ज्याच्या हातून नकळत वध झाला असे ठरले, तोसुद्धा लागलाच घरी जात नाही. मुख्य याजक मरेपर्यंत त्याने शरणपुरातच राहावे असा नियम आहे. द्रव्य देऊन त्याला लवकर परत येता येत नाही. ही मुदत कोणाच्याच हाती नाही, हे पाहा. ती मारणाऱ्याच्या हाती नाही, सूड घेणाऱ्याच्या हाती नाही, गावच्या पाटलाच्या हाती नाही. कोणास एका वर्षाने सुटका मिळे, कोणास तीस वर्षांनी. आणि ज्या दिवशी ती मिळे तो दिवस सगळ्या देशाच्या सुतकाचा असे, कारण त्या दिवशी मुख्य याजक मेलेला असे. तो मनुष्य आपल्या गावी परत जाई तो अशा वाटेने, की जिच्या दोहों बाजूंस घरोघर शोक चालू आहे. त्याच्यापुढे वाजंत्री वाजत नव्हती. मेलेल्याचा भाऊ आणि मारणारा, दोघेही त्या दिवशी एकाच दुःखाची बातमी ऐकत.

जाता जाता सांगतो की हे शरणपूर आपल्याला परके नाही. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ मध्ये नाशिकजवळ ख्रिस्ती वसाहत स्थापिली, तिला शरणपूर असेच नाव दिले. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकेची मुले पुढे तेथे राहिली व शिकली. आज नाशिकचा शरणपूर रस्ता लोकांना ठाऊक आहे. नावाचा अर्थ मात्र फार थोड्यांस ठाऊक असेल.

आता त्याच नाशिकच्या दुसऱ्या एका जागेकडे, म्हणजे नाशिक रोडच्या मध्यवर्ती तुरुंगाकडे वळू. तेथे गोपाळ विनायक गोडसे ह्यांनी अनेक वर्षे काढिली. महात्मा गांधींचा वध ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीस झाला. त्यापूर्वी १० दिवस, २० जानेवारीस, बिर्ला भवनातील प्रार्थनासभेजवळ मदनलाल पाहवा ह्याने स्फोट घडविला व तो जागीच पकडला गेला. त्या दिवशी गोपाळ गोडसे तेथे हजर होते. ३० तारखेस ते दिल्लीत नव्हते. १० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यायाधीश आत्माचरण ह्यांनी निकाल दिला. नथुराम गोडसे व नारायण आपटे ह्यांना फाशी झाली आणि ती १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्यास अमलात आली. गोपाळ गोडसे, विष्णु करकरे व मदनलाल ह्यांच्या जन्मठेपा वरच्या न्यायालयातही कायम राहिल्या. हे लोक आपल्यापासून फार दूरचे नव्हते. करकरे नगरास (आताच्या अहिल्यानगरास) खाणावळीचा व उतारूंच्या मुक्कामाचा धंदा करीत. आपटे तर तेथील अमेरिकन मिशन हायस्कुलात काही वर्षे शिक्षक होते. आपल्याच मिशनच्या बाकांवरील मुलांना गणित शिकविणारा गृहस्थ त्या कटात सापडला, ह्याचा विचार आपल्या शाळामास्तरांनी एकांतात करण्याजोगा आहे.

आणखी एक गोष्ट त्या दिवसांची. वधाची बातमी येताच पुण्यात, साताऱ्याकडे, कोल्हापुराकडे आणि पुष्कळ खेड्यांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. मारणारा ब्राह्मण होता एवढ्यावरून, ज्यांनी दिल्ली पाहिलीही नव्हती त्यांचे वाडे व धान्याच्या कणगी पेटविण्यात आल्या. रक्ताचा सूड घेणारा वाटेत मोकळा सुटला की तो कोणाच्या दारात शिरेल ह्याचा नेम नसतो. शरणपुरे का नेमिली हे ज्या वर्गास कळत नसेल त्याला हे उदाहरण द्यावे. आपल्या दोन तालुक्यांतील वयोवृद्धांच्या घरी त्या वेळच्या गोष्टी अजून निघतात.

आपल्याकडे जो तो म्हणतो की जन्मठेप म्हणजे १४ वर्षे. कोणी २० म्हणतो. ही समजूत चुकीची आहे, व ती चुकीची आहे हे गोपाळ गोडसे ह्यांच्याच अर्जावरून ठरले. त्यांनी सर्वोच्च न्यायालयास असे कळविले की, आपण प्रत्यक्ष भोगलेला काळ आणि तुरुंगात चांगली वर्तणूक, अभ्यास, कवायत इत्यादींबद्दल मिळालेली सूट मिळून २० वर्षे भरतात, म्हणून आपणास धरून ठेवणे बेकायदा आहे. सूट सुमारे ८ वर्षांची होती. १२ जानेवारी १९६१ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला. जन्मठेप म्हणजे त्या मनुष्याचे उरलेले सगळे आयुष्य. सूट साठली म्हणून दार आपोआप उघडत नाही. शिक्षेचा उरलेला भाग माफ करण्याचा अधिकार सरकारचा आहे, बंदिवानाचा हक्क नव्हे. पुढे १९७८ च्या दुरुस्तीने असे झाले की, ज्या अपराधास फाशीचीही शिक्षा सांगितली आहे त्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष १४ वर्षे भोगल्याशिवाय सरकारनेही अशी सूट देऊन सोडू नये. लोकांच्या तोंडी १४ चा आकडा बसला त्याचे मूळ बहुधा येथे असावे. पण १४ ही सुटकेची तारीख नसून, त्याच्या आधी सुटका नाही अशी रेघ आहे.

अर्ज फेटाळला गेल्यावर सुमारे पावणेचार वर्षांनी, ऑक्टोबर १९६४ मध्ये, तिघेही सुटले. सोळा वर्षांहून अधिक काळ त्यांनी भोगला होता. त्यांना सोडले हे वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही. खुद्द गांधींचे पुत्र मणिलाल व रामदास ह्यांनी नथुराम व आपटे ह्यांना फाशी देऊ नये अशी विनंती केली होती, आणि ती मान्य झाली नव्हती. ज्याचा बाप गेला तो जर असे मागतो, तर सोळा वर्षांनी तुरुंगाचे दार उघडल्याबद्दल आपण परक्यांनी दात-ओठ खावे हे शोभत नाही.

परंतु पुढे जे झाले ते निराळे आहे. १२ नोव्हेंबर १९६४ रोजी पुण्यास उद्यान कार्यालयात ह्या सुटकेच्या आनंदाप्रीत्यर्थ सत्यविनायकाची पूजा झाली. निमंत्रणपत्रिकेत नथुरामास देशभक्त म्हटले होते. अध्यक्षस्थानी 'केसरी'चे माजी संपादक ग. वि. केतकर होते, त्यांनी भाषणात सांगून टाकिले की हा बेत आपणास आधीच ठाऊक होता. ह्यावर विधिमंडळात व संसदेत मोठा गदारोळ झाला. केतकरांना अटक झाली, गोपाळ गोडसे ह्यांनाही भारत संरक्षण कायद्याखाली पुन्हा धरून आणखी वर्षभर ठेविले. चौकशी नेमली गेली; ती शेवटी न्यायमूर्ती जीवनलाल कपूर ह्यांच्याकडे आली व १९६९ मध्ये तिचा अहवाल झाला. पूजेचा एक दिवस आणि त्यापायी पाच वर्षांची धामधूम! पुढे गोपाळ गोडसे २००५ पर्यंत जगले, पुण्यातच वारले. त्या कृत्याचा त्यांनी पश्चात्ताप केला नाही. लेखांतून व मुलाखतींतून त्याचे समर्थनच केले.

आमचे म्हणणे असे की सुटका ही एक गोष्ट आणि हार ही दुसरी. सुटकेत सरकार म्हणते, 'ह्याने पुरेसे भोगले.' हारात शेजारी म्हणतात, 'ह्याने केले ते बरे केले.' ही दोन वाक्ये एकमेकांत मिसळली की ज्याच्या घरचा मनुष्य गेला त्याला वाटते, आपला मनुष्य आज पुन्हा मारला.

हा घोळ फक्त आपल्याच लोकांनी घातला असे कोणी समजू नये. ख्रिस्ती मंडळीनेही तो घातला आहे, आणि तो आम्ही झाकून ठेवणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील लांट्सबर्गच्या तुरुंगात युद्धातील अपराधांबद्दल शिक्षा झालेले पुष्कळ लोक होते. त्यांत अर्न्स्ट बीबरश्टाइन नावाचा एक होता. तो मूळचा प्रॉटेस्टंट पाळक. पाळकपण सोडून तो हिटलरच्या पोलिसांत शिरला आणि रशियाच्या बाजूस हजारो निःशस्त्र लोकांना, बहुतेक यहूद्यांना, ठार करणाऱ्या टोळीपैकी एकीचा नायक झाला. न्यायालयात त्याला विचारले की, तू पाळक होतास, तर मरणाऱ्यांना दोन शब्द देवाचे का सांगितले नाहीस? तेव्हा त्याने मत्तयाच्या ७ व्या अध्यायातील डुकरांपुढे मोती टाकण्याविषयीचे वचन आपल्या बचावास पुढे केले. शास्त्राचा ह्याहून भयंकर उपयोग आम्ही ऐकला नाही. १९४८ मध्ये त्याला मरणदंड झाला. परंतु जर्मन मंडळ्यांच्या पुढाऱ्यांनी, त्यांत बिशप थिओफिल वुर्म हे प्रमुख, लांट्सबर्गच्या बंदिवानांसाठी अमेरिकन अधिकाऱ्यांकडे सारखी रदबदली चालविली. ३१ जानेवारी १९५१ रोजी उच्चायुक्त मॅक्लॉय ह्यांनी पुष्कळांच्या शिक्षा कमी केल्या, बीबरश्टाइनाचा मरणदंड जन्मठेपेवर आला, आणि १९५८ मध्ये, जेव्हा लांट्सबर्गचे अखेरचे बंदिवान सुटले, तेव्हा तो बाहेर आला. काही काळ त्याला मंडळीच्या कचेरीत काम मिळाले. वुर्म हे हिटलरच्या राज्यातही धैर्याने बोललेले गृहस्थ होते; बंदिवानांकरिता बोलणे हे पाळकाचे कामच आहे असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. पण ज्यांच्या कबरीदेखील उरल्या नव्हत्या त्यांच्या वतीने त्याच तळमळीने कोण बोलले? हा प्रश्न त्या मंडळीला पुढे फार वर्षे बोचला.

उलट टोकाचे उदाहरण बर्लिनच्या श्पांडाउ तुरुंगाचे. न्यूरेंबर्गच्या खटल्यातील ७ बंदिवान १९४७ मध्ये तेथे आणले. चार विजयी राष्ट्रे महिन्यामहिन्याने पहारा बदलीत. काही म्हातारे व आजारी म्हणून आधी सुटले, काहींची मुदत भरली. १९६६ नंतर त्या अवाढव्य इमारतीत रूडॉल्फ हेस हा एकटाच उरला, आणि २१ वर्षे एकटाच होता. इतर राष्ट्रे सोडावयास तयार झाली तरी रशिया होय म्हणेना. १९८७ मध्ये ९३ व्या वर्षी तो तेथेच मेला. रशियाचे लाखो लोक मेले होते, तेव्हा त्यांच्या हट्टास काही अर्थ नव्हता असे नाही. पण एका म्हाताऱ्यासाठी चार देशांचे शिपाई! मेल्यावर मात्र त्याचे भक्त त्याच्या थडग्याशी जमू लागले.

तरी ह्या सगळ्या कथेत एक मनुष्य असा आहे की ज्याच्यापाशी आपल्या उपदेशकाच्या प्रश्नाचे उत्तर अर्धे तरी सापडते. तो हेन्री गेरेके, अमेरिकेतील लूथरन पाळक, सैन्यातील चॅप्लेन. त्याचे दोन मुलगे त्या युद्धात जखमी झालेले. त्याला न्यूरेंबर्गच्या तुरुंगात त्या मोठ्या अपराध्यांचा पाळक म्हणून जाण्यास विचारले. तो गेला. प्रत्येक कोठडीत गेला, प्रत्येकाशी हस्तांदोलन केले. त्याबद्दल त्याच्या देशात त्याला पुष्कळांनी दूषण दिले. काही जणांनी पापकबुली केली. ती खरी आहे अशी त्याची खात्री पटेपर्यंत तो थांबला व मगच त्यांना प्रभुभोजन दिले. सेनापती कायटेल त्यांपैकी एक. तो पुढे फासावर चढला. पण फाशीच्या आदल्या रात्री गोअरिंग ह्याने प्रभुभोजन मागितले तेव्हा गेरेके नाही म्हणाला, कारण ख्रिस्ताविषयी आपला विश्वास नाही हे गोअरिंगने स्वतःच सांगितले होते. त्याला केवळ विधी पाहिजे होता. त्याच रात्री गोअरिंगने विष घेतले. गेरेकेने नाही म्हणावयास नको होते असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आम्हास वाटते त्याने योग्य केले. जो हात पुढे करून गेला त्यालाच नाही म्हणण्याचा अधिकार पोहोचतो. जो कोठडीत गेलाच नाही त्याने मेजाशी उभे राहून कोणास अडवू नये.

अलीकडची दोन उदाहरणे थोडक्यात. २००२ च्या गुजरातेतील दंगलीत बिल्किस बानो ह्यांच्यावर अत्याचार व त्यांच्या आप्तांचे खून झाले. खटला मुंबईस चालला व २००८ मध्ये ११ जणांस जन्मठेप झाली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्यांना सोडले; तुरुंगाबाहेर पेढे वाटले गेले, गळ्यांत हार पडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. निकाल महाराष्ट्रात लागला असल्यामुळे सुटकेचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्राचा, गुजरातचा नव्हे, असे ठरले, आणि ते सर्व पुन्हा आत गेले. दुसरे आपल्या जवळचे : जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूर येथे ग्रॅहम स्टेन्स व त्यांचे दोन लहान मुलगे फिलिप व टिमोथी ह्यांना गाडीत जाळले. श्रीमती ग्लॅडिस स्टेन्स ह्यांनी आपण क्षमा केली असे सर्वांसमक्ष सांगितले व कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेविली. त्यांच्या क्षमेमुळे खटला थांबला नाही, व त्यांनी तो थांबवा असेही म्हटले नाही. जन्मठेप झालेल्यांपैकी महेंद्र हेम्ब्रम हा सुमारे २५ वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, चांगल्या वर्तणुकीबद्दल सुटला. तो सुटला हे ऐकून आपल्यापैकी कित्येकांच्या मनात कालवाकालव झाली. काहींनी आम्हास रागाने बोलूनही दाखविले. राग येणे हे पाप नव्हे. पण ज्या बाईने दिले ते आपण तिच्या नावाने परत मागू शकत नाही. आणि तिने दिले म्हणून दुसऱ्या कोणा विधवेकडून तेच मागण्याचाही अधिकार आपणास येत नाही.

आता त्या उपदेशकास उत्तर.

मिरवणुकीस तू जाऊ नकोस, आणि त्याच्या भावांस आधीच घरी जाऊन समजाव. त्यांना बरब्बाची गोष्ट सांग. त्यांनी ऐकले नाही तर भांडू नकोस. पण मंडळीचा ढोलकी-पेटीचा संच त्या दिवशी बाहेर जाता कामा नये. त्याऐवजी, तो येईल त्या दिवशी संध्याकाळी एकटा त्याच्या घरी जा व त्याच्याबरोबर जेव. इतक्या वर्षांत त्याची मुले वाढली, बैल गेले, जमीन दुसऱ्याच्या हाती गेली. त्याला घरच्या दाराची उंचीही नवी वाटेल. आपल्या जुन्नर भागात बिबट्या पिंजऱ्यात सापडला की लोक म्हणतात, 'सोडा, पण आमच्या शिवारात नको.' माणिकडोहच्या निवारा केंद्रात अशी कितीतरी जनावरे म्हणून राहिली आहेत. माणसाविषयी असे म्हणता येत नाही. त्याला दुसरे शिवार नाही.

मंडळीत त्याला बसू द्यावे. देवाचे वचन ऐकण्यास कोणाला अटकाव नाही. परंतु पहिल्या रविवारच्या आधी तू आपल्या पत्नीला किंवा मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्या बाईला त्या विधवेकडे पाठीव, व तो येणार आहे हे तिला अगोदर कळू दे. तिने त्याला अकस्मात दारात पाहावे हे फार क्रूर होईल. तिला काही रविवार घरी राहावेसे वाटले तर ते गैरहजेरीत मांडू नकोस. भक्ती तिच्या घरी जाऊन कर.

प्रभुभोजनास त्याने इतक्यात येऊ नये. तो काय म्हणतो ते आधी ऐक. 'माझी शिक्षा भरली,' असे तो म्हणाला तर ते सरकारचे उत्तर आहे, ते येथे चालत नाही. 'भांडणात झाले, त्याचीही चूक होती,' असे म्हणाला तर आणखी थांब. वडिलांच्या सभेपुढे त्याने केलेले आपल्या तोंडाने सांगावे. आणि ज्या बांधापायी रक्त सांडले त्या बांधाचे काय झाले हे आवर्जून विचार. आमचा अनुभव असा की अशा खटल्यांत मनुष्य तुरुंगात जातो आणि बांध जेथल्या तेथे, म्हणजे सरकलेलाच, राहतो. त्यावरचे पीक मारणाऱ्याचे घर खाते. जक्कयाने परत दिले. ह्यानेही तलाठ्याला व मोजणीदाराला बोलावून ती पट्टी मेलेल्याच्या मुलांच्या नावे करावी. ती चार हातांची असो की दोन. त्यावाचून आम्ही त्याच्या पश्चात्तापाविषयी फार बोलणार नाही.

त्या बाईस 'क्षमा कर' असे सांगू नकोस. काही उपदेशक असे करितात आणि तिने होय म्हटले की वृत्तान्तात आनंदाने लिहितात. तिच्यासाठी प्रार्थना कर, तिच्या शेतात पेरणीस माणसे पाठीव, तिच्या मुलाच्या शाळेची चौकशी कर. क्षमा तिच्यापाशी आली तर देवाकडून येईल, व तिच्या वेळेस येईल. त्याने तिला भेटावयास जावे काय, असे तो विचारील. तिने निरोप पाठविला तरच. एरवी त्याने तिच्या आळीतून जाणेही टाळावे. येथे गणनेचा अध्याय पुन्हा उघड : मुदत मारणाऱ्याच्या हाती नव्हती. कित्येक टीकाकार मुख्य याजकाच्या मरणात ख्रिस्ताच्या मरणाची छाया पाहतात, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या प्रकाशात ते आम्हासही मान्य आहे. पण ख्रिस्त मेला म्हणून तिने आता रडू नये, असा त्याचा उपयोग करू नये.

वर्ग घेणाऱ्यांस एक सूचना. ज्या गावी असे प्रकरण खरोखर घडले असेल तेथे हा धडा वाचण्यापूर्वी दोन्ही घरांस भेटून यावे, आणि उदाहरण म्हणून गावचे नाव कोणी काढू लागल्यास थांबवावे. नगर व दिल्लीची नावे पुरेत.

पुढील आठवड्याचे वाचन फिलेमोनास पौलाचे पत्र, सगळे. ते एका बैठकीत मोठ्याने वाचून यावे, आणि ओनेसिमाने नेमके काय केले असावे ह्याविषयी वर्गातील प्रत्येकाने आपले मत मनाशी ठरवून यावे.